जांभळीच्या फटीत अडकलेला कुशाबा

आहुप्याच्या अलीकडं, भीमाशंकरच्या जंगलाला लागून असलेल्या एका वाडीवर १९९९ साली माझी शिक्षक म्हणून बदली झाली. तेव्हा कुशाबा केंगले अडतीस-चाळीसचा असेल. चालताना डावं पाऊल आडवं टाकायचा. शाळेच्या खोलीत तो कधी आला नाही. काही काम असलं तरी दाराबाहेर उभं राहूनच बोलायचा.

"आत या की," मी एकदा म्हणालो.

"आत नगं, गुरुजी. कोंडल्यावानी व्हतं."

असं का, ते कळायला मला दोन वर्षं लागली.

कुशाबासारखा झाडावर चढणारा त्या डोंगरात दुसरा नव्हता. बाळहिरडा, म्हणजे कोवळी हिरड्याची फळं, झाडावरून उतरवायच्या दिवसांत आसपासच्या वाड्यांतून त्याला बोलावणं यायचं. पण तो स्वतः त्या डोंगराला पार कंटाळला होता. पावसाळ्यात चार महिने वाट बंद. जंगलाचं अभयारण्य झाल्यापासून भाताच्या रोपासाठी राब भाजायचा, म्हणजे वाफ्यावर फांद्या-पाला जाळायचा, तर फांद्या तोडायचीही चोरी. घरात बायको इंद्रायणी आणि दोन लहान मुली. इथून सुटायचं कसं, एवढाच विचार त्याच्या डोक्यात असायचा.

१९९६च्या शिवरात्रीला देवळापाशी त्याची एका बागाईतदाराशी ओळख झाली. त्या माणसाचा अवसरीकडं बंगला होता, बंगल्यापुढं पक्ष्यांचे मोठाले पिंजरे होते, आणि आता त्याला शेकरू हवं होतं. शेकरू म्हणजे आमच्याकडची मोठी खार. तांबूस पाठ, पिवळट पोट आणि अंगापेक्षा लांब झुपकेदार शेपूट. सगळा जन्म झाडावर काढणारं जनावर.

"पिल्लांची जोडी आणून दे," तो म्हणाला. "तुला बंगल्यावर राखणदार ठेवतो. राहायला खोली, पोरींना शाळा जवळ."

पकडलं तर केस होणार हे कुशाबाला माहीत होतं. इंद्रायणीला सांगितलं असतं तर तिनं जाऊच दिलं नसतं. म्हणून त्यानं कुणालाच सांगितलं नाही.

एप्रिलमधल्या एका सकाळी झाकणाची दुरडी पाठीला बांधून तो ओढ्यावरच्या एका जुन्या जांभळीवर चढला. तिच्या शेंड्याला शेकराचं घरटं होतं. काटक्यांचा आणि पानांचा, घागरीएवढा गोल गोळा. एक शेकरू अशी पाच-सहा घरटी बांधतं आणि त्यातल्या एकातच पिल्लं ठेवतं. ते नेमकं कोणतं, हे कुशाबानं आठ दिवस पाळत ठेवून हेरलं होतं. मादी सकाळी चरायला गेली की पिल्लं एकटी असत.

घरटं दोन हातांवर राहिलं असताना तो एका जाड फांदीवर उभा राहिला. ती फांदी आदल्या वर्षीच्या वळवात बुंध्यापाशी उभी फाटली होती. त्याच्या भारानं फट उघडली आणि डावं पाऊल घोट्यापर्यंत आत गेलं. दचकून त्यानं वरच्या फांदीला लोंबकळून भार काढला, तशी फट मिटली.

ओरडायचं नाही म्हणून त्यानं स्वतःच्या दंडाला चावा घेतला. पुन्हा भार देऊन पाहिला, पण आता पाऊल पाचरीसारखं बसलं होतं. फांदी खाली दाबली की ते आणखी आत जाई. कंबरेचा कोयता काढून लाकूड तासायला लागला, तर घामानं मूठ निसटली. कोयता खाली करवंदीच्या जाळीत पडला.

खाली जमीन चाळीस हात. बसायला नीट जागा नाही, उभं राहावं तर एकच पाय. डोक्याचा पटका सोडून त्यानं स्वतःला बुंध्याशी बांधून घेतलं.

तासाभरानं मादी आली. त्याला बघताच शेजारच्या फांदीवर थबकली, शेपूट झटकली आणि खडखडत ओरडायला लागली. मग गप्प झाली, पण घरट्याकडं गेली नाही. कुशाबा हलला की ओरडायची, स्थिर राहिला की नुसती बघायची. दुपारच्या उन्हात ती फांदीवर पालथी पसरली, चारी पाय खाली सोडून. तरी तिचा डोळा याच्यावर होता.

दुपार कलल्यावर खालून बोलणं ऐकू आलं. हिरडा गोळा करून बायका पायवाटेनं परत निघाल्या होत्या. त्यांच्यात इंद्रायणी होती. सोबत वनरक्षक गोरख होता, पिंपरी पेंढारचा. तो कसलीशी थट्टा करत होता आणि इंद्रायणी हसत होती.

एक हाक मारली असती तर सगळे धावले असते. कुशाबानं तोंड उघडलंही. पण पाठीवरची दुरडी, वर घरटं, खाली वनरक्षक, आणि शेजारपाजारच्या चार बायका. काय सांगणार होता? तो बुंध्याला चिकटून श्वास धरून राहिला. बोलणं लांब गेलं, मग ऐकू येईनासं झालं. त्यानंतर त्यानं हाका मारायला सुरुवात केली. ऐकायला कुणी नव्हतं.

ती रात्र कशी काढली ते त्यानं मला सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "पाय माझा न्हाईच असं वाटत व्हतं, गुरुजी. त्येच बरं व्हतं."

उजाडलं तेव्हा घशातून आवाज निघत नव्हता. तो जांभळीची कोवळी पानं चावून तोंड ओलं करत होता. मादीनं तेवढ्यात काहीतरी ठरवलेलं दिसलं. ती वरच्या बाजूनं घरट्यात शिरली आणि एक पिल्लू पोटापाशी तोंडात धरून बाहेर आली. पिल्लानं तिच्या गळ्याला मिठी मारलेली. जायची वाट एकच होती, कुशाबाच्या डोक्यावरची फांदी. तिथून पलीकडच्या आंब्याचा शेंडा जांभळीला भिडत होता. ती थांबली, त्याच्याकडं पाहिलं आणि हाताच्या अंतरावरून निघून गेली. थोड्या वेळानं परत येऊन दुसरंही नेलं.

"ज्यांच्यासाठी आलो व्हतो ती दोनी माझ्या म्होरून गेली," कुशाबा म्हणाला. "मला हात उचलवंना. आन् उचलावा असं वाटलंबी न्हाई."

पिल्लं आंब्यावर पोचवून मादी परतली आणि पुन्हा त्याच्यासमोर बसून ओरडायला लागली. थांबेचना.

रात्रभर वाट पाहून इंद्रायणी त्याचा थोरला भाऊ बहिरू याला घेऊन शोधायला निघाली होती. तिच्या कानावर तो आवाज पडला.

"भावजी, शेकरू एकाच जागी किती येळ वरडतंय. खाली वाघरू हाय न्हाईतर दुसरं काय तरी."

आवाजाच्या मागं ती झाडापाशी आली आणि वर पाहिलं. "अवं!" एवढंच ती बोलली.

बहिरूनं गोरखला आणि आणखी दोघांना आणलं. गोरख स्वतः पहार घेऊन वर चढला. फट उचकटून त्यांनी पाऊल सोडवलं आणि दोर बांधून त्याला खाली उतरवलं. दुरडी अजून पाठीवरच होती. गोरखनं झाकण उघडलं. आत पिल्लांसाठी अंथरलेलं फडकं होतं.

"शेकरू धरायला चढला व्हता?"

कुशाबानं मान डोलावली.

गोरखनं त्याच्या पायाकडं पाहिलं. "उपचार होऊ दे, मग बघू," म्हणाला. पुढं त्यानं साहेबांना खरं ते सांगितलं. कुशाबाला ताकीद मिळाली, केस झाली नाही. घोडेगावच्या दवाखान्यात तीन बोटं काढावी लागली. झाडावर चढणं कायमचं संपलं, आणि राखणदारीही गेली. बंगलेवाल्यानं दुसरीकडून पिल्लं मिळवली होती.

पुढं दर उन्हाळ्यात घरट्यांची मोजणी असली की गोरख त्याला बरोबर नेऊ लागला. कुशाबा जमिनीवरूनच सांगायचा, हे घरटं राहतं आहे, हे सोडलेलं, हे नुसतं बांधून ठेवलेलं. राबाच्या दिवसांत तो वाडीतल्या लोकांशी वाद घालायचा. "तोडा, पर जिथं झाडाला झाड भिडतंय ती फांदी ठेवा. ती गेली की शेकरू त्या झाडावर आडकलं." काही जण ऐकायचे. बरेच जण म्हणायचे, तुझ्या खाचरात राब कोण भाजतो रे, शेकरू?

२००१ साली त्या बंगल्यावर छापा पडला. दोनातलं एकच शेकरू जिवंत होतं. खात्यानं ते जंगलात आणून सोडायचा प्रयत्न केला, तेव्हा कुशाबाही गेला. पिंजऱ्याचं दार उघडलं तरी ते आतल्या आत गोल फिरत राहिलं. बाहेर काढून फांदीवर ठेवलं तर माणसाच्या खांद्यावर उडी मारून आलं. महिनाभर जाळीत ठेवून पाहिलं. घरट्यासाठी काटकी आडवी कशी लावायची तेही त्याला कळत नव्हतं. शेवटी प्राणिसंग्रहालयात पाठवायचं ठरलं.

"तिथं डॉक्टर असतो, खायला मिळतं," गोरख म्हणाला.

"हां," कुशाबा म्हणाला. "खायाला मिळंल."

मंचरपर्यंत जीपमध्ये तो पिंजऱ्याला टेकून बसला होता. तिथून एसटीनं परत आला आणि शाळेच्या ओट्यावर बसून त्यानं मला सगळं सांगितलं. त्या दिवशी इंद्रायणी खालून गेली आणि आपण हाक मारली नाही, हेही. पाच वर्षं त्यानं ते तिच्यापासून लपवलं होतं.

"सांगून टाका," मी म्हणालो.

त्यानं त्याच संध्याकाळी सांगितलं. इंद्रायणी दोन दिवस त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "मी हसले, तवा तुमाला काय वाटलं?"

"लई वाईट," तो म्हणाला. "पर आवाज कानावर आला म्हून बरंबी वाटलं."

त्या मे महिन्यात तो घरटी मोजायला निघाला, तेव्हा पाण्याची कळशी आणि भाकरीचं फडकं घेऊन तीही त्याच्याबरोबर गेली.