तलवारी जपणारे खांबेटेकाका

तलवार म्यानाबाहेर काढण्याआधी खांबेटेकाका जमलेल्या सगळ्यांना तोंड मिटायला लावत. "आधी तोंड मिटा, मग बघा. थुंकीचा एक थेंब उडाला की गंज चढलाच." मग डॉक्टर, मॅनेजर, मराठी मंडळाचे अध्यक्ष, सगळे ओठ आवळून सोफ्यावर बसत आणि काका ते लखलखीत पातं हातभर अंतरावरून त्यांच्यापुढून फिरवत. कॅनडातल्या आमच्या किचनर गावात इतकी मराठी माणसं एकाच वेळी गप्प बसलेली मी दुसरीकडे कुठेही पाहिली नाहीत.

मंडळाने मला त्यांच्यावर लिहायला सांगितलं, "चांगलं लिही" असंही बजावलं. मला पत्रकं लिहायची सवय आहे. पत्रकात मेलेल्या माणसाला सूट नसते.

मी दोन वर्षं त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहिले. कॉलेज सांभाळून एजन्सीमार्फत राबणाऱ्या कामगारांसाठी पत्रकं वाटायचे. काका भाज्या चिरून पॅक करणाऱ्या एका कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर. ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हलने उपसताना भेटले की ठरलेलं, "काय पुढारीणबाई, आज कोणाचा निषेध?"

"तुमचाच, काका."

"कर, कर. शुद्धलेखन तेवढं तपासून घे."

चार तलवारी होत्या, चारही जपानी आणि चारही नव्या, जुन्या पद्धतीने भट्टीत घडवलेल्या. "पाचशे वर्षांच्या तलवारीला कोणीही नमस्कार करील. माझ्या तलवारीचा कारागीर जिवंत आहे. परवा फोनवर खोकत होता!" तिकडे कारागिराला महिन्याला दोनच लांब तलवारी घडवायची परवानगी असते, एकीसाठी काकांनी तीन वर्षं वाट पाहिली होती. मूठ काढली की आतल्या लोखंडावर कारागिराचं नाव कोरलेलं दिसे. ते दाखवताना काकांचा आवाज मऊ होई. "काम केलं की नाव घालावं. बिननावाचं काम म्हणजे पळपुटेपणा." हे मला तेव्हा फार आवडलं होतं, कबूल करते.

दर रविवारी ते पात्यांना लवंगेचं तेल लावत. एकदा कुणाच्या मुलाने पात्याला चोरून बोट लावलं. काकांनी तो ठसा भिंगाशिवाय हेरला आणि त्या कुटुंबाला पुन्हा घरात घेतलं नाही. असा डोळा! आणि हाच माणूस कारखान्यातल्या अपघाताच्या चौकशीला आलेल्या इन्स्पेक्टरला म्हणाला, "मी काही पाहिलं नाही."

काय पाहिलं नाही, ते सांगते. नागपूरच्या वंदनाताई एजन्सीतून त्याच कारखान्यात जायच्या. चिरण्याच्या मशीनला पात्यापुढे लोखंडी गार्ड असतं. मशीन धुण्याचं काम लवकर उरकावं म्हणून सुपरवायझरने ते काढून ठेवलं होतं. वंदनाताईंच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. भरपाई कायद्याप्रमाणे मिळाली, त्यावर वाद नव्हता. पण कारखान्याने रिपोर्टात लिहिलं, गार्ड कामगाराने स्वतः काढलं. त्यानंतर एजन्सीने त्यांना कुठेच पाठवलं नाही. त्या सकाळी काका लाइनवर आले होते, मशीन उघडं बघून "गार्ड बसवा रे" म्हणाले होते आणि तसेच पुढे गेले होते. वंदनाताईंनी ते कानांनी ऐकलं होतं. काकांनी एवढंच लिहून द्यायला हवं होतं.

मी कागद घेऊन वर गेले. "काका, कामावर नाव घालायचं असतं ना? मग यावर घाला."

"तुझं बरं आहे, तुला बॉस नाही. मंदी चाललीय, प्लांटमधून रोज माणसं काढतायत."

"त्यांची दोन बोटं गेली, काका!"

"माहितेय मला. आवाज खाली कर."

दसऱ्याला त्यांच्याकडे शस्त्रपूजा असे. हळदकुंकू म्यानाला वाहायचं, पात्याला नाही, असा कडक नियम. मग शेवटी तलवार बाहेर येई. त्या वर्षी मी वंदनाताईंना घेऊन गेले. आमंत्रण नव्हतं. पाहुण्यांसमोर हाकलायला नको म्हणून काकूंनी आम्हाला आत घेतलं. काकांनी पातं उपसलं, खोली चिडीचूप झाली आणि वंदनाताई बोलू लागल्या.

"भाऊ, त्या दिवशी गार्ड नव्हतं. तुम्ही पाहिलं, मी तुम्हाला पाहताना पाहिलं. मी ते काढलं नाही, एवढं सांगा. मला दुसरं काही नको."

त्यांना अडवायला एकानेही तोंड उघडलं नाही. काकांच्या हातात नागवं पातं, ओठ मिटलेले, आणि कपाळावर घाम. त्यांनी तलवार इंच इंच करत म्यानात घातली, हात जराही हलला नाही. मग म्हणाले, "चला, पानं घ्या."

लोक जेवायला उठले. होय, हे सगळं ऐकल्यावरही! मला महिनाअखेर बेसमेंट सोडायला सांगितलं गेलं.

गेल्या हिवाळ्यात काका हार्ट अटॅकने गेले. वंदनाताई म्हणाल्या, जाऊ या. फ्युनरल होममध्ये त्या लाइनवरची एक गुजराती बाई मला बाजूला घेऊन सांगू लागली, "दशहरे के बाद खांबेटेसाब संडे को अकेले आए थे. सब मशीन के गार्ड खुद वेल्ड कर दिए. अब कोई निकाल ही नहीं सकता."

परतताना गाडीत मी वंदनाताईंना हे सांगितलं.

"सगळ्या मशीनला?"

"सगळ्या."

"चांगलं झालं. पोरी वाचल्या." मग काचेबाहेर बघत म्हणाल्या, "म्हणजे माझं खरं होतं, हे मनातून मान्य होतं त्यांना."

रिपोर्टातलं वाक्य आजही तसंच आहे. ते खोडू शकणारा एकमेव माणूस आम्ही नुकताच पोचवून आलो होतो.