खाज एकाची, ट्यूब सगळ्यांची

दात दुखला की माणूस गप्प बसतो. खाजेचा पेशंट गप्प बसूच शकत नाही! वाशीमला मी स्किनचा दवाखाना टाकला आणि किस्से साठतच गेले. बहुतेकांच्या मुळाशी एकच वस्तू: डॉक्टरला न विचारता आणलेली मिक्स ट्यूब. तिच्यात फंगसचं औषध, सोबत स्टेरॉइड. स्टेरॉइडनं खाज लगेच थांबते, माणूस खूश, आणि गजकर्ण आपलं मजेत पसरत राहतं!

*

धनज गावचे एक काका. पाठभर चट्टे. म्हणाले, "घरातले सगळेच ट्यूब लावतो."

"सगळ्यांना खाज आहे?"

"नाई मॅडम, मलेच हाये. बाकीच्यायले होऊ नये म्हून लावून देतो!"

*

दुसरे एक आजोबा ट्यूबवर भलतेच फिदा. "लय भारी औषध हाये! तीन वर्सं झाले, दर महिन्याले आराम पडते!"

*

एक तरुण दारातच घुटमळला. लेडी डॉक्टर बघून लाजला असावा.

"मॅडम, माह्या दोस्ताले खाज हाये."

"मग तुम्ही का खाजवताय?"

"जिगरी दोस्त हाये!"

*

एका मुलीचं लग्न ठरलेलं. गोरं दिसायला तिनं ती ट्यूब चेहऱ्याला चोपडली. चेहरा लालबुंद, पुरळ, नुसती आग! स्कार्फ सोडेना. "त्याईले कळलं तं सोयरीक मोडन, मॅडम!" म्हणून रडायला लागली. मी ट्यूब बंद केली, औषधं दिली, धीर दिला.

त्याच आठवड्यात आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावचा एक मुलगा आला. तोंडाला रुमाल. तीच ट्यूब, तशीच आग. "माह्या होणाऱ्या बायकोले सांगू नका!" त्यानं तिचं नाव घेतलं, तर ती माझी स्कार्फवालीच! पण पेशंटचं गुपित! दोघांचंही पोटात ठेवलं.

पुढच्या तपासणीला नेमके दोघं एकाच सकाळी हजर. मी दार उघडलं तर समोरासमोरच्या बाकांवर एक स्कार्फ, एक रुमाल. त्यानं तिला डोळ्यांवरून ओळखलं.

"तू इथं कायले?"

"तुमी कायले?"

माझाच जीव टांगणीला! शेवटी तिनं स्कार्फ सोडला. लाली अजून होतीच. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि हळूच रुमाल काढला.

तोही लालबुंद! ती फस्सकन हसली.

"अवो, आपले तं छत्तीसच्या छत्तीस गुण जुळले!"