एक जून

“तू मागं बस. वरच्या पोरांच्या शेजारी. आणि लक्षात ठेव, त्यांचा आवाज आला नाही पाहिजे.”

वहिनीसाहेब हे माझ्याकडे न बघता बोलल्या. त्यांच्या हातात इंग्रजीच्या पाठाचं टाचण होतं. मी लिहिलेलं. चार रकाने: ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं. वर शिक्षकाच्या नावाची जागा. तिथे त्यांचं नाव. तेही माझ्याच अक्षरात.

मी मागे जाऊन बसले.

वहिनीसाहेब म्हणजे संस्थाचालकांची सून. गावाचं नाव सांगत नाही. कुकडीच्या पाण्यावर ऊस आणि द्राक्षं झालेलं गाव, एवढं पुरे. सरकारने पहिलीपासून इंग्रजी आणलं आणि ज्यांना ते कधी धड आलं नव्हतं, ते एकाएकी इंग्रजीचे मालक झाले. शाळेच्या फाटकावर ‘सेमी इंग्लिश’ अशी पाटी लागली. वहिनीसाहेब इंग्रजी विभागाच्या प्रमुख झाल्या. त्यांना भाषा येत नव्हती. तोरा येत होता.

‘वरची पोरं’ म्हणजे तळेघरच्या अंगाची. डोंगरातली. आईबाप भात आणि नाचणी करणारे. जूनमध्ये पोरं वसतिगृहात सोडायची आणि दिवाळीला न्यायला यायचं. त्यांच्यावर शाळेचा पट भरायचा. पट भरायला ती हवी होती. पाहुण्यांना दाखवायला नको होती.

मीही वरचीच. वडील पुण्यात एका साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर. साहेबांच्या ओळखीने मला इंग्रजी शाळेत प्रवेश मिळाला. त्यांच्याकडे पाहुणे आले की मला दिवाणखान्यात बोलवायचे. “म्हण गं ती पोएम.” मी म्हणायचे. पाहुणे टाळ्या वाजवायचे. “ड्रायव्हरची मुलगी हं,” बाईसाहेब सांगायच्या, जणू घरातला पोपट बोलला. मग मी आत जाऊन त्याच पाहुण्यांचे कप विसळायचे. इंग्रजी त्यांनी सांगितलं की बोलायचं आणि त्यांनी सांगितलं की थांबवायचं, एवढं मला लवकर कळलं. मी गप्प राहायला लागले. लोक म्हणाले, पोरगी सालस आहे. मी सालस नव्हते. मी बघत होते.

या शाळेत बाई म्हणून लागले, तरी बघतच होते. शिक्षकांच्या खोलीत कोपऱ्यातली खुर्ची माझी. सगळ्यांची इंग्रजीची टाचणं मी लिहायची. “बाई, तुमचं इंग्लिश लई फाड फाड,” मुख्याध्यापक म्हणायचे आणि आणखी एक वही सरकवायचे.

मग आदर्श पाठ ठरला. आसपासच्या शाळांचे शिक्षक येणार, तालुक्याहून शिक्षण खात्याचे साहेब येणार आणि पाचवीवर पाठ होणार. मी टाचण काढलं ते भाताच्या आवणीवर, म्हणजे रोपं उपटून खाचरात लावण्यावर. सूचना ऐकायची, तसं करायचं, मग तीच सूचना दुसऱ्याला द्यायची. पुल. टाय. गिव्ह. रोपांऐवजी मैदानातलं गवत आणलं. हौसा नावाची मुलगी होती, वर्षभर माझ्याशी मान हलवूनच बोलणारी. ती गवताची मूठ हातात घेऊन ओरडली, “सखाराम! पुल! पुल फास्ट! नॉट लाइक धिस, येड्या!” सगळा वर्ग हसला. सखाराम म्हणाला, “आईसारखीच बोलतीय, बाई.” माझ्या वर्गात त्या दिवशी पहिल्यांदा कुणी इंग्रजीत कुणाला रागावलं. एवढं झालं की भाषा आली समजावं. बाकी घोकंपट्टी.

वहिनीसाहेब दारात उभ्या होत्या.

“हे काय चाललंय? चिखल कशाला आणलास इंग्रजीत? चिखलातून बाहेर यायलाच पाठवलंय ना यांना?”

त्यांनी टाचणावर आडवी रेघ मारली आणि नवा विषय सांगितला. ‘माय बर्थडे’. फळ्यावर केक, मेणबत्त्या, फुगे. शेवटी खरा केक.

मी लिहून दिलं. तेवढी सालस मी अजून होते.

पहिल्याच तालमीत त्यांनी हौसाला विचारलं, “व्हेन इज युवर बर्थडे?”

“फर्स्ट जून.”

सखारामला विचारलं. “फर्स्ट जून.” त्याच्या शेजारच्याला. “फर्स्ट जून.”

“सगळ्यांना एकच उत्तर पाठ करून घेतलंस काय गं?”

मी सांगितलं, पाठ नाही केलं, ते खरंच आहे. शाळेत नाव घालायला आई येते. गुरुजी जन्मतारीख विचारतात. आई सांगते, भात निसवला, कणसं आली तवा झाली. गुरुजी बोटं मोजतात, वय बसवतात आणि एक जून लिहितात. शाळा जूनमध्ये सुरू होते, म्हणून जन्मही जूनमध्ये.

वहिनीसाहेब हसल्या. “म्हणजे यांना बर्थडेच नाही. मग यांना विचारायचंच नाही.”

त्यासाठी शाळांमध्ये एक जुनी युक्ती असते. हात सगळ्यांनी वर करायचे. ज्याला विचारायचं त्याने उजवा, बाकीच्यांनी डावा. पाहुण्यांना हातांचं रान दिसतं, शिक्षकाला कुणाकडे बघायचं ते कळतं. ऊसवाल्यांची मुलं उजवी झाली. वरची डावी. डावा हात पक्का करून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. तेही मी केलं.

तर पाठाच्या दिवशी मी मागे बसले होते. वर्ग खचाखच. खिडक्यांना पडदे लावलेले, त्या दिवसापुरते. पुढच्या खुर्च्यांवर साहेब, संस्थाचालक आणि मुख्याध्यापक. वहिनीसाहेब भरजरी साडीत. “चिल्ड्रन्स, व्हॉट इज धिस?” त्याच विचारायच्या, त्याच सांगायच्या, “केक!” मुलं म्हणायची, “केक!” चार रकान्यांपैकी ऐकणं तेवढं झालं. तेही त्यांचंच.

साहेबांना जांभई आली. मग ते गालात हसले. तेही कधी काळी मास्तर होते.

“मॅडम, उजवे हात झाले. आता जरा डाव्यांना विचारू.”

सगळे शिक्षक हसले. सगळ्यांच्याच शाळांत तेच चालायचं.

साहेबांनी हौसाला उभं केलं. तिने सरळ उत्तर दिलं. फर्स्ट जून. सखाराम. फर्स्ट जून. तिसरा, चौथी. फर्स्ट जून. हसण्याचा आवाज वाढत गेला. साहेब पाहुण्यांकडे वळले.

“काय राव, त्या दिवशी डोंगरातल्या सगळ्या बाया एकदमच बाळंत झाल्या व्हत्या का काय?”

वर्गात हशा पिकला. संस्थाचालक मांडीवर थाप मारून हसले. वहिनीसाहेबांनी तोंडाला पदर लावला. उजव्या हाताची मुलं हसली. डाव्या हाताची हसली नाहीत. साहेब इंग्रजीत काही म्हणाले असते तर कदाचित निसटलं असतं. हे मराठीत होतं. हौसाला अक्षर न् अक्षर कळलं. ती उभीच होती. तिचे कान लाल झाले होते.

त्या बायांमध्ये तिची आई होती. माझी आई होती.

मी उठले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

“साहेब, माझीही एक जून.”

हसणं थांबलं. मुख्याध्यापक हाताने खुणावत होते. “बाई, बसा. खाली बसा बरं.”

मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला एकदम सगळं स्वच्छ दिसलं. कागदावर एक जून असेल तर निवृत्ती मेअखेरीस, आणि मुख्याध्यापक मेअखेरीस निवृत्त होणार होते. निरोपाच्या फेट्याची चर्चा सुरू होती. समोर बसलेले निम्मे गुरुजी असेच कुठल्या ना कुठल्या मेअखेरीस सुटणार होते. या तालुक्यात गुरुजी दरवर्षी एकाच दिवशी घाऊक निवृत्त होतात, ते काय आपापल्या वाढदिवसाला केक कापून मोठे झाले म्हणून? त्यांच्याही आयांनी सुगीच सांगितली होती. त्यांच्याही गुरुजींनी बोटंच मोजली होती. आणि ते हसत होते.

“हौसा,” मी म्हणाले, “साहेबांना विचार.”

माझ्या टाचणात बोलण्याच्या रकान्यात एक ओळ होती: मुलांनी प्रश्न विचारायचा. वहिनीसाहेबांनी ती काढून टाकली होती. पोरांनी उत्तरं द्यायची असतात, म्हणाल्या होत्या.

हौसाने माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांकडे.

“सर, व्हेन इज युवर बर्थडे?”

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

“सर, व्हेन इज युवर बर्थडे?” या वेळी मोठ्याने. गवताची मूठ घेऊन ओरडली होती त्या आवाजात.

कुणी खोकलं. कुणी खुर्ची सरकवली. साहेब उठले. “इंग्रजी ठीक आहे,” ते संस्थाचालकांना म्हणाले, “संस्कार कमी पडतात.”

केक कार्यालयात कापला. वरच्या मुलांना वसतिगृहात पाठवलं.

मला नंतर आत बोलावलं. वहिनीसाहेबांच्या बोटाला अजून क्रीम होतं. “तुझ्या तोंडात इंग्रजी घातलं कुणी गं? आमच्यासारख्यांनीच ना? आमच्याच माणसांसमोर आमचं नाक कापलंस. साहेबांची लेखी माफी माग. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.”

मुख्याध्यापकांनी कागद पुढे केला. “बाई, ‘चुकलं’ येवढंच लिवा. मिटलं. लई ताणू नका.”

“सर, तुमची जन्मतारीख काय?”

त्यांनी कागदावर पेन ठेवलं. मग हळूच म्हणाले, “ते वेगळं व्हतं, बाई.”

वेगळं काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. त्यांच्या एक जूनला धरणाखालचं रान होतं, आडनाव होतं, पंचायतीत भाऊ होता. आमच्या एक जूनला फक्त आई होती. आणि ती भर वर्गात विनोदाला चालत होती.

“मी लिहिणार नाही,” मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी वाक्य अर्ध्यात गिळलं नाही. कागद टेबलावर कोराच राहिला आणि मी बाहेर पडले. कुणी अडवलं नाही. असल्या लोकांना एवढंच येतं. हसायचं, नाहीतर हाकलायचं.

आता मी वर शिकवते. एसटी येते तेव्हा येते, नाहीतर चालत जाते. शहाणी माणसं भेटली की सांगतात, तुझं इंग्रजी इथं वाया चाललंय. त्यांना उत्तर देण्यात मी वेळ घालवत नाही. पाठ मी लिहिते, नाव माझं घालते, शिकवतेही मीच. माझ्या वर्गात हात वर करायचा तो येत असेल तर, नाहीतर खाली. वर गेलेले मोजके हात बघून तपासणीवाले नाक मुरडतात. मुरडू देत. आणि पहिल्या दिवशी मी मुलांना एकही उत्तर शिकवत नाही. प्रश्न शिकवते. हू आर यू? व्हाय डू यू लाफ? कोणी साहेब दारातून आत आला की आधी मुलांनी विचारायचं, नंतर त्याने. त्याने घड्याळ पाहिलं तर पुन्हा विचारायचं. तो चिडला तर आणखी मोठ्याने. आणि तो बोलत नाही तोवर माझ्या वर्गातलं एकही मूल खाली बसणार नाही.