मिशनच्या गावातला विणकर

मी नववीत होते तेव्हा शाळेची सहल बोरिवलीला ‘मिशनचं गाव’ बघायला गेली. एका जमीनमालकाने डोंगराच्या पायथ्याशी गोऱ्या पाद्र्यांच्या काळातलं गाव नव्याने उभारलं होतं. छोटं चर्च, पाद्रीबाबाचा बंगला, कौलारू घरं, विहीर. सगळ्याला ताज्या चुन्याचा वास येत होता.

माझी मैत्रीण जवळच्याच ख्रिस्ती गावठाणात राहायची. ती म्हणाली, ‘‘आमचं खरं गाव इथून दहा मिनिटांवर आहे. ते कोण दाखवत नाही.’’

बाई म्हणाल्या, ‘‘गप्प बस.’’

विहिरीत डोकावलो तर कंबरभर खोलीवर सिमेंटचा तळ होता. तिथून गाइडने आम्हाला विणकराच्या घरात नेलं. आत हातमागावर एक माणूस बसला होता. उघडा, गुडघ्यापर्यंत पंचा, गळ्यात मोठा लाकडी क्रूस. ते माझे बाबा होते.

गिरणीचा संप फिसकटल्यावर बाबा दीड वर्ष घरी बसून होते. मग बोरिवलीला एका बागेत काम मिळालं, एवढंच आम्हाला सांगितलं होतं. रोज सकाळी ते कांदिवलीच्या आमच्या चाळीतून इस्त्रीचा शर्ट घालून निघायचे. तो शर्ट आता त्यांच्या मागे खिळ्याला लटकत होता.

गाइड सांगू लागला, ‘‘त्या वेळी इथले लोक अगदी अडाणी. पाद्र्यांनी त्यांना माणसात आणलं, कपडा विणायला शिकवलं.’’

बाबांनी गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे यंत्रमागांवर, बावीस वर्षं काढली होती. एका वेळी चार साचे सांभाळायचे. बाजारात कापड हातात घेतलं की दुकानदार त्यांच्याशी खोटं बोलायचा नाही.

बाईंनी विचारलं, ‘‘हा खरंच विणतो का हो?’’

‘‘नाही हो मॅडम, शोसाठी. संध्याकाळी उसवायला लावतो. उद्या परत तेच सूत.’’

तेवढ्यात बाबांनी वर पाहिलं आणि मी त्यांना दिसले. धोटा मध्येच अडकला, धागा तुटला. दोन बोटांत धरून त्यांनी गाठ मारली, इतक्या चटकन की कुणाला कळलंही नाही. गाइड हसून म्हणाला, ‘‘बघा, कसा तयार केलाय.’’ मुलींनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

दारातून बाहेर पडताना मैत्रिणीने माझा हात धरला. ती आमच्या घरी येऊन जेवलेली होती. तिने हळूच विचारलं, ‘‘ते तुझे बाबा ना गं?’’

‘‘नाही,’’ मी म्हणाले. ‘‘माझे बाबा कशाला इथे येतील?’’

मी ते कुजबुजले होते. पण साचाखात्यातल्या खडखडाटात कुणाचं काही ऐकू यायचं नाही, तिथली माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलायची. बाबा माझ्याकडेच बघत होते. मग त्यांनी मान खाली घातली आणि धोटा टाकला.

संध्याकाळी ते नेहमीच्या वेळी घरी आले. आईने भात वाढला. जेवता जेवता त्यांनी विचारलं, ‘‘सहलीत काय काय बघलंस गो?’’

‘‘विहीर बघितली.’’

‘‘पाणी नाय तिच्यात,’’ ते म्हणाले, आणि आमटी मागून घेतली.

आईला ते आम्ही दोघांनीही सांगितलं नाही. मला राग आला होता, आणि तो कुणावर हे कळायला बरीच वर्षं गेली. त्या वयात तो बाबांवरच निघाला. त्यांच्यासमोर बसून अभ्यास करणं मी सोडलं. क्रूस घालणारे हात आता देवाला हळदकुंकू कसे वाहतात, असंही एकदा तोडून बोलले. त्या क्रुसाने माझं काय बिघडवलं होतं? बाबा ‘हं’ म्हणाले आणि त्यांनी पूजा पुरी केली.

दोन वर्षांनी ते गाव चालेनासं झालं. मालकाने चर्चसकट सगळं पाडून इमारती बांधल्या. बाबांना त्यातल्याच एका इमारतीच्या गेटवर वॉचमनची नोकरी मिळाली. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना सलाम करावा लागे. मैत्रिणीच्या गावठाणातली घरंही एकेक करून बिल्डरकडे गेली.

बाबा गेले तेव्हा मी नोकरीला लागून सहा वर्षं झाली होती. त्या सहा वर्षांत मी त्यांना चार शर्ट आणले, चांगल्या सुती कापडाचे. प्रत्येक वेळी ते कापड उजेडात धरून बघायचे आणि वीण कशी आहे ते सांगायचे. मी मान हलवायचे. त्या दिवसाबद्दल बोलायची तेवढीच वेळ असायची, आणि मी चहा टाकायला आत जायचे.