पडवळाचे ठोके

कोकिळेला राग येतो हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. तो का येतो, हे मात्र आजवर कुणी विचारलेलं नाही. बोर्लीच्या बाजारापासून दोन-अडीच मैल आत, डोंगराच्या पायथ्याशी तिचं घर. खाली भाताची खाचरं, वर चढणीवर थोडी नाचणी, गोठ्यात दोन म्हशी. नवरा बाळाजी रोह्याच्या कारखान्यातून निवृत्त होऊन घरी बसला, आणि 'बसला' हा शब्द त्याच्या बाबतीत अक्षरशः खरा आहे. म्हशी, शेण, चूल, सासूच्या गोळ्या, सगळं बावन्न वर्षांच्या कोकिळेच्या अंगावर. एवढं करून बाई गोड बोलत नाही, अशी वर तक्रार!

गेल्या दिवाळीपासून तिच्या छातीत धडधडायला लागलं. डोक्यावर भारा घेऊन चढण चढताना काळीज असं उडायचं की भारा टाकून तिथेच बसावं लागे. सांगितलं तर बाळाजी म्हणाला, "वय झालं, व्हतं असं." सासू मनुबाई म्हणाली, "आमी न्हाय का जल्मभर चढलो?" मुलगी पूनम पनवेलला असते. ती फोनवर म्हणाली, "आई, तू चिडतेस फार, त्यानं होतं." म्हणजे बाईला राग येईल असं आधी वागायचं, आणि मग रागानं दुखणं आलं म्हणून तिलाच शहाणपण शिकवायचं. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय!

शेवटी एकदाचं श्रीवर्धनच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय, ताई?" उत्तर दिलं बाळाजीनं. "तसं काय न्हाय ओ, जरा मनाला लावून घेते." कधी होतं? बाळाजी बोलला. किती वेळ राहतं? तेही बाळाजीच बोलला, जसं काही काळीज त्याच्याच छातीत उडत होतं. कोकिळा पदराचं टोक पिळत बसून राहिली. छातीला तारा लावून कागद काढला, तो चांगला आला. येणारच. ती तेव्हा पडून होती, चढत नव्हती.

डॉक्टर माणूस बरा होता. तो म्हणाला, "रोज अर्धा तास चाला. ठोके दाखवणारं एखादं साधं घड्याळ घ्या. आकडा एकशेवीसच्या वर गेला की थांबा आणि लिहून ठेवा. पंधरा दिवसांनी वही आणा. ती बघून पुढच्या तपासण्या ठरवू. आकडे चांगले असले तर मग काही करायला नको."

म्हणजे आता सगळं त्या आकड्यांवर आलं. तिचं दुखणं खरं की खोटं, ते वही ठरवणार होती.

घड्याळ निवडलं बाळाजीनं. हात कोकिळेचा, ठोके कोकिळेचे, पण तिला कोण विचारतो! मोबाइलवर चार संध्याकाळी बोट फिरवून त्यानं एक गुलाबी पट्ट्याचं, कडेनं खडे लावलेलं घड्याळ मागवलं. त्यात फोन यायचा, गाणी लागायची, झोप मोजली जायची, हवामानसुद्धा कळायचं. हवामान बघायला अंगण काय चोरीला गेलं होतं?

"मला फोन नको, मला ठोके पायजेत," कोकिळा म्हणाली.

"त्यात ठोके पन हायत. आनि बांगड्यांच्या शेजारी शोभंल बघ कसं."

शोभलं मात्र. तिच्या डाव्या हातात डझनभर हिरव्या बांगड्या, त्यांच्या मधोमध हे घड्याळ सैल लोंबत राहिलं. ती रोज सकाळी चढणीपर्यंत चालून यायची. छातीत ढोल वाजायचा, डोळ्यांपुढे अंधारी यायची, आणि घड्याळात आकडा दिसायचा शहात्तर. बाळाजी तो वळणदार अक्षरात वहीत लिहायचा. शहात्तर. अठ्ठ्याहत्तर. पुन्हा शहात्तर. दहाव्या दिवशी त्यानं वही आळीत फिरवली. "बघा, माझ्यापेक्षा चांगलं काळीज हाय. सगळं मनाचं!"

लोक हसले. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे कोकिळेलाही वाटायला लागलं की आपण ढोंग तर करत नाही ना? बाईला तिच्याच देहाची शंका यायला लावायची, ह्याहून मोठं पाप मला तरी माहीत नाही.

बाराव्या दिवशी दुपारी ती भाजी चिरायला बसली. घड्याळ भिजू नये म्हणून काढलं, आणि खाली पडू नये म्हणून शेजारच्या पडवळाला अडकवून ठेवलं. पडवळ चांगलं मनगटाएवढं जाड होतं. थोड्या वेळानं सहज नजर गेली तर तबकडीवर आकडा.

शहात्तर.

तिनं पाणी शेंदून आणलं, पुन्हा बघितलं. अठ्ठ्याहत्तर. पडवळाची तब्येत ठणठणीत होती. कोकिळा आधी हसली, आणि मग तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. बारा दिवस नवऱ्यानं पडवळाचे ठोके वहीत लिहिले होते! ते पडवळ तसंच उचलून तिनं ओटीवर बाळाजीच्या पुढ्यात आपटलं.

"हे बघा तुमचं शहात्तर!"

बाळाजीनं पडवळाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "रेंज नसंल."

 कोकिळेनं भाजी तशीच टाकली, पायात चपला सरकवल्या आणि रिक्षा धरून एकटी बोर्लीला गेली. नजमुद्दीनभाईचं घड्याळांचं दुकान तिला माहीत होतं. वीस वर्षं कुवेतला घड्याळं दुरुस्त करून आलेला माणूस. स्वतःच्या काळजातही नळी घातलेली, त्यामुळे ह्या विषयात त्याला गंमत वाटत नसे. त्यानं गुलाबी पट्टा उलटासुलटा केला.

"भाभी, हे घड्याळ न्हाय, दागिना हाय. ह्याला कातडी समजत न्हाय, हात समजत न्हाय. कायतरी आकडा दाखवायचा म्हणून दाखवतं."

मग त्यानं काउंटरवर एक काळं, रबरी पट्ट्याचं घड्याळ ठेवलं. ना खडे, ना गाणी. चालता चालता चष्म्याशिवाय वाचता येईल एवढा मोठा आकडा, आणि ओल्या हातानंही दाबता येईल असं एकच बटण. "मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर बांधा. पट्टा घट्ट, पण हाताला मुंग्या येणार न्हाईत इतकाच. खालचा हिरवा उजेड कातडीला चिकटून पायजे. आणि माझ्या शब्दावर घेऊ नका. दुसऱ्या हाताच्या बोटांनी स्वतः नाडी मोजा. मी मिनिट धरतो."

त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत "चालू" म्हटलं, मिनिटभरानं "बस" म्हटलं. तिनं मोजले चौऱ्याऐंशी. काळं घड्याळ म्हणालं पंच्याऐंशी. मग त्यानं तिला दुकानाच्या माळ्याचा जिना एकदा सावकाश चढून उतरायला लावलं. ह्या वेळी बोटांनी मोजले एकशेअठरा, आणि घड्याळात एकोणसत्तर. नजमुद्दीनभाईनं जवळून पाहिलं आणि नजर खाली घेतली.

"बुरा मानू नका, भाभी. घड्याळ सच्चं हाय. हात हलला की बांगड्या खाली सरकतात आणि त्याला उचलतात. एक हात मोकळा ठेवाल तरच खरा आकडा मिळंल."

ती बांगड्यांकडे बघत राहिली. उजव्या हातातही तेवढ्याच होत्या. कासारानं कधीकाळी भरलेल्या, आणि कामानं हात आता असा जाड झालेला की त्या निघणं कठीण. घरी येऊन तिनं साबण लावून पाहिला, खोबरेल लावून पाहिलं. अंगठ्याशी कातडी सोलवटली, पण बांगडी हलेना. तेव्हा तिनं पाट्यावर डावा हात ठेवला आणि वरवंट्यानं एकेक करून बाराही बांगड्या वाढवल्या.

आवाजानं मनुबाई धावत आली आणि काचा बघून तिनं हंबरडाच फोडला. "नवरा जिता असताना हात भुंडा केलास गं! अभद्र!" शेजारच्या बायका दारात जमल्या. बाळाजी पांढराफटक पडून उभा राहिला, जणू आत्ताच त्याची तिरडी बांधायला घेतली होती.

कोकिळेनं मनगटावरचं रक्त पदरानं पुसलं. "आई, ठोके वाढले तवा ह्या घरात एक मानूस उठला न्हाय. आनि बांगड्या वाढल्या तर अख्खी आळी धावली! मी मेले असते तर तुमी आधी माज्या बांगड्या मोजल्या असत्या."

 तिनं काळं घड्याळ दोन बोटं वर बांधलं आणि बाळाजीला म्हणाली, "चला. आज तुमी संगती चढायचं."

अजून ऊन होतं. निम्म्या चढणीवर ती दगडावर बसली. गळ्याची शीर उडताना दिसत होती. तिनं मनगट पुढे केलं. एकशेचौसष्ट.

बाळाजी धापा टाकत म्हणाला, "हे पन बिघडलेलंच दिसतंय."

तिनं शांतपणे घड्याळ सोडलं आणि त्याच्या मनगटावर आवळून बांधलं. दोघं वाट बघत राहिले. एकशेचार. पुन्हा तिच्या हातावर बांधलं. ती केव्हाची बसलेली होती, तरी एकशेअठ्ठावन्न.

 मग लग्नाला तीस वर्षं झालेल्या त्या माणसानं पहिल्यांदाच बायकोच्या मनगटावर स्वतःची दोन बोटं ठेवली. ओठ हलवत मोजायला लागला. वीस-पंचवीसपर्यंत गेला आणि मागे पडला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा मागे पडला. ठोके त्याच्या मोजण्याच्या पुढे पळत होते. त्याचा चेहरा उतरला.

"कोकिळे, आत्ताच्या आत्ता श्रीवर्धनला जाऊ. मी दाक्तरला सांगतो समदं."

"तुमी न्हाय," हात सोडवून घेत ती म्हणाली. "तुमी भायेर बाकड्यावर बसायचं. आत मी बोलनार."

बाळाजी खाली उतरून रिक्षा बघायला गेला.