स्मारकावरचं शेवटचं नाव

आमच्या कट्टा गावच्या एसटी स्टँडसमोर स्मारक उभं राहतंय. परमुलखात युद्ध पेटलं, भूकंप झाला, तेव्हा आपण होऊन मदतीला गेलेल्या आमच्या भागातल्या माणसांचं. काळ्या दगडावर नावं कोरणारे एक वयस्कर पाथरवट मला रोज दिसतात. झालेल्या अक्षरावर ते ओलं बोट फिरवतात, मान तिरकी करून बघतात आणि पुढच्या अक्षराआधी छिन्नी कपाळाला लावतात.

शेवटचं नाव माझ्या मुलीचं आहे. ती नर्स. युद्ध चालू असलेल्या देशात, निर्वासितांच्या छावणीत काम करते.

मी बसमधून उतरले की पाथरवट विचारतात, "वयनी, चेडवाचो फोन इलो?" मी हो म्हटलं की एक अक्षर कोरतात. "जित्या माणसाचा नाव दगडार घालूचा तर आधी खुशाली इचारूक होयी," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी तेव्हा हसले होते.

तिचं नाव झालं, आडनाव सुरू झालं, आणि फोन येईनासा झाला. परवा स्मारक समितीचे अध्यक्ष पाथरवटांवर चिडले, "उद्घाटन तोंडार इला. पुरा करून टाक."

त्यांनी छिन्नी खाली ठेवली. "माझो हात चलना नाय."

हल्ली बस स्टँडकडे वळली की मी पिशवीतला फोन पुन्हा काढून बघते. आता ते विचारणार.

आज मी उतरले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काहीच विचारलं नाही. खाली अंथरलेल्या गोणपाटावर थोडे सरकले आणि मला बसायला जागा केली.