विरजणाची बादली

आमच्या मामाला कॉलेजात सगळे टाकीवाले म्हणत. पद शिपायाचं, काम प्रयोगशाळेमागच्या गॅसच्या टाकीचं. वसतिगृहाच्या खानावळीतलं खरकटं वाटून, पाणी घालून टाकीत सोडायचं. आत ते कुजतं, गॅस होतो, शेगडी पेटते. शेण अजिबात न वापरता टाकी चालवायची, हे प्रयोगशाळेच्या सरांचं संशोधन. सरांकडे मीटर होता, मामाकडे नाक. मीटरला जे दुपारी कळायचं ते नाकाला सकाळीच कळलेलं असायचं. "आज हिचं पोट बिघडलंय," म्हणत मामा टाकीला उपाशी ठेवायचा आणि वहीत तसं लिहायचा. सहा वर्षांत टाकी एकदाही बंद पडली नाही.

सरांनी शब्द दिला होता, "टाकीवाले, अहवालात माझ्याखाली तुमचं नाव." त्या एका ओळीपायी मामाने ऑफिसातली बढती सोडली.

"टाकीशीच लग्न लावायचं होतं, मला कशाला आणलंत?" मामी म्हणायची. पण तिचा खरा राग बादलीवर. टाकीतला चांगला गाळ मामा दर आठवड्याला बादलीभर घरी आणायचा आणि न्हाणीमागे झाकण सैल ठेवून जपायचा. विरजण म्हणायचा त्याला. टाकी नासलीच, तर यावरच पुन्हा लागणार.

मग पाहणीला समिती येणार असं ठरलं. सरांना ज्योत हातभर हवी होती.

"आज दुप्पट घाला."

"सर, आंबट वास येतोय. आज काहीच नको."

"वास अहवालात लिहिता येत नाही हो!"

मामाने घातलं. वहीत 'सरांच्या सांगण्यावरून' असं लिहायला पेन उचललं खरं, पण थांबला. समितीपुढे सरांना कमीपणा नको. नुसतं लिहिलं, 'दुप्पट घातलं.' खाली सही, तीही अगदी वळणदार.

तिसऱ्या दिवशी समितीसमोर सरांनी पाच काड्या ओढल्या. शेगडी ढिम्म. सरांनी शांतपणे वही उघडली. "बघा ना, किती वेळा बजावलं यांना. सही यांचीच आहे."

मामा बाजूलाच उभा होता. सर त्याच्याकडे बघतील म्हणून वाट बघत राहिला. सरांनी वही मिटली.

अहवाल आला, त्यात मामाचं नाव होतं. सरांनी शब्द पाळला म्हणायचा! ओळ अशी: मामाचं पूर्ण नाव आणि पुढे, 'या चालकाच्या निष्काळजीपणामुळे प्रयोग खंडित.' मामाला सायकलस्टँडवर टाकलं. तिथे नाकाला काही कामच नाही.

महिन्याभराने सर घरी आले. चहाला हात न लावता म्हणाले, "टाकीवाले, टाकी काही केल्या लागेना. ते विरजण आहे ना तुमच्याकडे?"

सहा वर्षं बादलीला शिव्या घालणारी मामी न्हाणीच्या वाटेत आडवी उभी राहिली. "अगं, वाट सोड," म्हणत मामाने बादली आणली. सर हात पुढे करून उठलेच. त्यांच्या शेजारून मामा अंगणात गेला आणि लिंबाच्या आळ्यात बादली ओतली. सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. मग नळाखाली धरून घासली.

"घ्या. बादली कॉलेजचीच आहे."

सर गेल्यावर तो आळ्याशी उकिडवा बसला. चिमूटभर ओली माती नाकाशी धरली.

"झकास होतं गं," मामीला म्हणाला. "अगदी लागलेलं."

मामी तेव्हा पहिल्यांदाच बादलीसाठी रडली.